अमेरिकेतील अंत्यसंस्कार : शवपेटी आणि अस्थिकलश बाहेरून घ्यावा का?

वाचकाचे पत्र

माझे थोरले बंधू गेली चाळीसहून अधिक वर्षे न्यू जर्सीत आहेत. वय ७९. हृदयाचे दुखणे जुने असून छातीत पेसमेकर बसवलेला आहे. यंदा प्रकृतीने जास्तच कुरकुर केली, तेव्हा 'माझ्यामागची व्यवस्था आत्ताच पाहून ठेव' असे त्यांनी स्वतःच पुतण्याला सांगितले. पुतण्या जवळच्या एका फ्युनरल होममध्ये, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था करून देणाऱ्या व्यावसायिकाकडे, जाऊन आला आणि तिथे मिळालेला कागद त्याने मला व्हॉट्सॲपवर पाठवला. करायचे आहे दहनच. तरीही त्यात पॉप्लर लाकडाची शवपेटी ३,६०० डॉलर आणि अस्थिकलश ३९५ डॉलर असे लिहिलेले आहे. अस्थी हरिपूरच्या संगमावर विसर्जित व्हाव्यात, अशी दादांची इच्छा आहे. म्हणून तांब्याचा कलश मीच गणपती पेठेतून घेऊन पाठवावा, असे माझ्या मनात आहे. शवपेटीही बाहेर बऱ्याच स्वस्तात मिळते, असे पुतण्या म्हणतो. पण बाहेरची वस्तू नेली तर ते लोक अडवतील किंवा त्यावर वेगळे पैसे लावतील, अशी त्याला धास्ती वाटते. वहिनींना तर अशा गोष्टीत घासाघीस करणे शोभत नाही असे वाटते. आम्ही काय करावे? आणि सगळे पैसे आत्ताच भरून मोकळे व्हावे का?

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुतण्याची धास्ती प्रथम दूर करतो. शवपेटी किंवा अस्थिकलश फ्युनरल होममधूनच घेतला पाहिजे, असे अमेरिकेत बंधन नाही. या वस्तू दुसऱ्या दुकानातून घेता येतात किंवा इंटरनेटवरून मागवता येतात. बाहेरून आणलेली वस्तू नाकारण्याचा, किंवा ती हाताळावी लागते म्हणून जास्तीचे पैसे घेण्याचा अधिकार फ्युनरल होमला नाही. फेडरल ट्रेड कमिशन या केंद्रीय संस्थेचा हा नियम तिकडे 'फ्युनरल रूल' म्हणून ओळखला जातो आणि तो १९८४ पासून अमलात आहे. सुरुवातीच्या काळात बाहेरच्या पेटीवर 'हाताळणी शुल्क' लावून काही व्यावसायिकांनी त्यातून वाट काढली होती, म्हणून १९९४ मध्ये नियमात दुरुस्ती करून ते शुल्कच बंद करण्यात आले. बाहेरून मागवलेली पेटी पोचेल त्या वेळी घरच्या कोणीतरी तिथे हजर राहिलेच पाहिजे, अशी अटदेखील त्यांना घालता येत नाही. हा नियम केंद्राचा असल्यामुळे न्यू जर्सीतही तोच चालतो.

वहिनींचा संकोच मी समजू शकतो, परंतु त्यात अशोभनीय असे मला काही दिसत नाही. सांगलीत एखाद्या घरी मयत झाली की बांबू बुरुडाकडून येतात, मडके कुंभाराकडून, वस्त्र कापडाच्या दुकानातून, लाकडे स्मशानभूमीतून आणि विधी सांगणारे गुरुजी आपल्या घरून. शेजारीपाजारी या सगळ्याची जुळवाजुळव करतात आणि त्यात कोणाचा अवमान झाला, असे कोणाच्या मनातही येत नाही. वस्तू एकाकडून आणि सेवा दुसऱ्याकडून घेणे ही आपलीच जुनी रीत आहे. आपल्याकडच्या काही मंगल कार्यालयांत मात्र केटरर त्यांचाच घ्यावा लागतो आणि बाहेरचा आणायचा म्हटले की ताटामागे पैसे मोजावे लागतात. अमेरिकेच्या नियमाने अंत्यविधीच्या व्यवसायातून नेमकी ही अट काढून टाकली आहे. तेव्हा पुतण्याने बाहेरची वस्तू आणतो असे म्हटले, तर तो सवलत मागत नसून नियमाने मिळालेली मुभा वापरत असेल, एवढे वहिनींना सांगावे.

आता माझे खरे म्हणणे असे आहे, की स्वस्त शवपेटी कोठे मिळेल हा शोधच आपण थांबवावा, कारण दादांसाठी शवपेटीची गरजच नाही. दहनासाठी शवपेटी घ्यावी लागते असे सांगण्यासही फ्युनरल रूलने मनाई केलेली आहे. जे फ्युनरल होम विधीविना थेट दहनाची, म्हणजे 'डायरेक्ट क्रिमेशन'ची सोय देते, त्याला पेटीऐवजी साधे वेष्टन उपलब्ध करून द्यावेच लागते. हे वेष्टन म्हणजे जाड पुठ्ठ्याचे, दाबून केलेल्या लाकडाचे किंवा रंगरोगण न केलेल्या साध्या फळ्यांचे खोके असते. दहनगृहाची अपेक्षा एवढीच असते, की ते पुरेसे टणक असावे, त्यातून गळती होऊ नये आणि ते जळणारे असावे. आपल्या तिरडीशी त्याचे नाते पॉलिश केलेल्या पॉप्लरच्या पेटीपेक्षा कितीतरी जवळचे आहे. जी वस्तू दोन-तीन तासांत भट्टीत जळून जाणार, तिच्यासाठी तीन लाख रुपयांहून अधिक रक्कम खर्च करण्याने दादांचा मान वाढेल, असे मला वाटत नाही.

मग पुतण्याला मिळालेल्या कागदावर हे वेष्टन का नाही? आपण पत्रासोबत पाठवलेली प्रत मी नीट पाहिली. ती दरपत्रिका नसून 'पॅकेज'चा कागद आहे. वर कौटुंबिक समारंभाचे नाव, खाली सात-आठ बाबी आणि शेवटी एकच बेरीज. पेटी आणि कलश यांच्यापुढे तेवढे आकडे आहेत, बाकीच्या बाबींपुढे 'समाविष्ट' एवढाच शब्द आहे. प्रत्यक्ष जाऊन चौकशी करणाऱ्या कोणालाही फ्युनरल होमने सर्वसाधारण दरपत्रिका, म्हणजे 'जनरल प्राइस लिस्ट', घरी नेण्यासाठी दिलीच पाहिजे आणि तिच्यात प्रत्येक बाबीचा दर वेगळा लिहिलेला असला पाहिजे. ती मागण्यासाठी नावगाव सांगण्याचीही आवश्यकता नसते. त्या पत्रिकेत डायरेक्ट क्रिमेशनखाली दोन निरनिराळे दर असतात, एक त्यांच्याकडचे वेष्टन घेतल्यास आणि दुसरा गिऱ्हाइकाने स्वतःचे वेष्टन किंवा पेटी आणल्यास. पुतण्याने आधी हे दोन आकडे पाहावेत. पेट्यांचे नमुने दाखवण्यापूर्वी पेट्यांच्या दरांची यादीही हातात द्यावी लागते. यादी न दाखवता थेट चकचकीत पेट्यांच्या दालनात नेले, तर तिथेच थांबून ती मागावी.

प्रत्यक्ष जाणे अवघड वाटत असेल तर फोन करावा, कारण फोनवर विचारलेला दर सांगणेही त्यांना बंधनकारक आहे. या बाबतीत सगळेच व्यावसायिक चोख वागतात असे मात्र नाही. फेडरल ट्रेड कमिशनच्या लोकांनी २०२३ मध्ये गिऱ्हाईक म्हणून अडीचशेहून अधिक फ्युनरल होमना फोन करून पाहिले आणि त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये ३९ जणांना इशाऱ्याची पत्रे धाडली. म्हणून एकाच ठिकाणावर न थांबता तीन-चार ठिकाणी विचारावे. संकेतस्थळावर दर दिसले नाहीत तर त्यावरून लगेच शंका घेऊ नये, कारण ते तिथे टाकण्याची सक्ती केंद्रीय नियमात नाही.

तुलना करताना पेटीच्या आकड्यापेक्षा बेरजेकडे अधिक लक्ष द्यावे. प्रत्येक दरपत्रिकेत मूलभूत सेवांचे एक शुल्क असते आणि काहीही निवडले तरी ते टाळता येत नाही. पेटी बाहेरून घेण्याची मुभा मिळाल्यापासून काही व्यावसायिकांनी आपला नफा पेटीतून काढून या शुल्कात ठेवला आहे, आणि काहींनी पेटी आपल्याकडूनच घेणाऱ्यांसाठी पॅकेजवर सूट ठेवली आहे. सूट खरी असेल तर ती नियमात बसते. आधी दर फुगवून मग दिलेली दिखाऊ सूट बसत नाही. पेटीवर हजार डॉलर वाचवून बाकीच्या सेवांवर बाराशे गमावण्यात काही अर्थ नाही. हे शुल्क देताना मात्र मन खट्टू करू नये. मृत्यूच्या दाखल्याची कागदपत्रे, दहनाचा परवाना, शीतगृह आणि ने-आण ही कामे तीच माणसे करतात आणि परक्या देशात त्यांचाच आधार असतो.

वहिनींना किंवा नातवंडांना अंत्यदर्शन व्यवस्थित व्हावे असे वाटत असेल, तर त्यासाठीही पेटी विकत घेण्याची गरज नाही. बहुतेक फ्युनरल होममध्ये भाड्याची शवपेटी मिळते. बाहेरून ती सुबक लाकडाची असते आणि आत पुठ्ठ्याचे किंवा साध्या लाकडाचे एक वेगळे खोके सरकवलेले असते. दर्शन झाल्यावर आतले खोके दहनाला जाते आणि बाहेरची पेटी तिथेच राहते. गंगाजल, तुळस, फुले, नवे वस्त्र यांची सोय त्या भागातील अनेक ठिकाणी सवयीची झालेली आहे, आणि कुटुंबातील एक-दोघांना भट्टीपाशी उभे राहून मुलाच्या हाताने बटण दाबू देण्याचीही पद्धत अनेकांनी स्वीकारली आहे. त्याचे वेगळे शुल्क आहे का, किती माणसे आत जाऊ शकतात आणि कापूर, तूप, निरांजन यांपैकी काय चालते, हे आधी विचारून घ्यावे. एम्बामिंगचा, म्हणजे देह टिकवण्यासाठी त्यात रसायने भरण्याचा, आग्रह कोणी धरला तर थोडे थांबावे. प्रत्येक मृत्यूनंतर ते सरसकट करावेच लागते, असा कायदा कोणत्याही राज्यात नाही, आणि दहन लवकर व्हायचे असेल तर सहसा शीतगृह पुरते.

पेसमेकरचा उल्लेख आपण सहज केला आहे, परंतु तो महत्त्वाचा आहे. पेसमेकरची बॅटरी भट्टीत फुटते, त्यामुळे दहनापूर्वी तो काढावा लागतो आणि तशी लेखी संमती घेतली जाते. मुलाला ऐन वेळी हा प्रश्न विचारला गेला की तो गडबडतो. आत्ताच माहीत असलेले बरे.

इतके सांगूनही कुटुंबाने पेटी घ्यायचेच ठरवले, तर ती बाहेरून जरूर घ्यावी, पण चार गोष्टी पाहून. कॉस्टको आणि वॉलमार्टसारखी मोठी दुकानेदेखील इंटरनेटवरून शवपेट्या विकत आलेली आहेत आणि त्यांचे दर उघड असतात. फेडरल ट्रेड कमिशनच्या सांगण्यानुसार शवपेटीची सरासरी किंमत दोन हजार डॉलरच्या थोडी वर असते, तर काही पेट्या दहा हजारांपर्यंतही जातात. आपल्या कागदावरचा आकडा सरासरीच्या बराच वर आहे, हे त्यावरून लक्षात येईल. दहनासाठी पोलादी किंवा तांब्याची पेटी चालत नाही, ती लाकडाचीच हवी. पेटीला रबरी पट्टी असून ती हवाबंद असल्याने देह टिकतो, असे कोणी म्हणाले तर ते मनावर घेऊ नये. तसा दावा करण्यास फ्युनरल होमना मनाई आहे आणि दहनात त्याला काही अर्थही नाही. विक्रेत्याकडून पोचण्याची तारीख लेखी घ्यावी, त्याआधी फ्युनरल होमला कळवावे आणि पेटी आल्यावर पुतण्याने आपणहून जाऊन ती एकदा पाहून यावी, कारण ओरखडा किंवा तडा नंतर दिसला की दुकानदार आणि फ्युनरल होम एकमेकांकडे बोट दाखवतात. आणखी एक बाब अशी, की फ्युनरल रूल लागू होतो तो वस्तू आणि सेवा दोन्ही विकणाऱ्यांना. केवळ पेटी विकणाऱ्या दुकानाला तो लागू नाही. तिथे परत घेण्याच्या अटी आपल्या आपणच वाचाव्या लागतात.

ही मुभा तिकडेही सहज मिळालेली नाही, म्हणून थोडे विषयांतर करतो. लुइझियाना राज्यात कॉव्हिंग्टनजवळ सेंट जोसेफ ॲबी नावाचा बेनेडिक्टाइन पंथाचा ख्रिस्ती मठ आहे. २००५ च्या कत्रिना वादळात मठाच्या मालकीच्या जंगलाची धूळधाण झाली. तेव्हा चरितार्थासाठी मठवासीयांनी २००७ मध्ये साध्या लाकडी शवपेट्या करून विकण्यास सुरुवात केली. राज्याच्या कायद्यानुसार परवानाधारक फ्युनरल डायरेक्टरखेरीज कोणालाही शवपेटी विकता येत नव्हती, त्यामुळे या व्यवसायावर देखरेख करणाऱ्या राज्याच्या मंडळाने त्यांना विक्री थांबवण्यास सांगितले. मठ न्यायालयात गेला आणि २०१३ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने निकाल मठाच्या बाजूने दिला. एखाद्या व्यवसायाला स्पर्धेपासून वाचवणे हेच ज्या कायद्याचे एकमेव प्रयोजन आहे, तो घटनेच्या कसोटीला उतरत नाही, असा त्याचा आशय होता. पुतण्याला ही हकिकत सांगावी. बाहेरची पेटी आणणारा तो काही पहिला माणूस नव्हे.

आता कलश. तो इथून अमेरिकेला पाठवावा, या आपल्या विचारामागची माया कळते, तरीही तसे करू नये असे मी स्पष्टपणे सांगेन. फ्युनरल होमने तो स्वीकारला पाहिजे हे खरे; पेटीचा नियम कलशालाही लागू आहे. अडचण पुढे विमानतळावर येते. अमेरिकेतील सुरक्षा तपासणीत अस्थींचे पात्र एक्स-रे यंत्रातून जाते. तांब्या-पितळेच्या भिंतीतून आतले नीट दिसत नाही आणि दिसले नाही तर ते पात्र पुढे जाऊ देत नाहीत. उघडून दाखवू का, असे विचारूनही उपयोग होत नाही, कारण मृताविषयीचा आदर म्हणून तपासणी अधिकारी अस्थींचे पात्र उघडत नाहीत, घरच्यांनी स्वतः विनंती केली तरीही नाही. म्हणजे आपण प्रेमाने पाठवलेला तांब्याचा कलश पुतण्याला तिकडेच अडकवून ठेवील. प्रवासासाठी हलक्या लाकडाचे किंवा प्लास्टिकचे पात्रच योग्य. आणि असे प्लास्टिकचे तात्पुरते खोके दहनानंतर सहसा फ्युनरल होमकडूनच मिळते. त्यात जाड पिशवीत अस्थी बांधलेल्या असतात. म्हणून ३९५ डॉलरचा कलशही घेऊ नये. अस्थी त्या साध्या खोक्यातून सांगलीला याव्यात आणि कलशात त्या इथे भरल्या जाव्यात.

कलश इथेच घेतानाही एक हिशेब ध्यानात ठेवावा लागतो. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी अस्थिसंचय करताना चितेतून वेचलेले थोडे अवशेष घेतात आणि बाकीची राख सावडून नदीत सोडतात, त्यामुळे लहान तांब्या किंवा मडके पुरते. तिकडे भट्टीतून निघालेली सगळी हाडे यंत्रात दळून त्यांची जाडसर भुकटी करतात आणि ती सर्वच्या सर्व घरच्यांच्या स्वाधीन करतात. तिचे वजन साधारण दोन ते तीन किलो भरते. जागेचा तिकडचा हिशेब असा, की शरीराच्या प्रत्येक पौंडामागे एक घनइंच. सत्तर किलोच्या माणसासाठी हे अडीच लिटरच्या आसपास येते, आणि प्रौढांसाठीचा तिकडचा नेहमीचा कलश २०० घनइंचांचा, म्हणजे सव्वातीन लिटरहून किंचित मोठा असतो. आपल्या पूजेच्या तांब्यात जेमतेम लिटरभर पाणी मावते. तेव्हा दुकानात कलश हातात घेतल्यावर तो कोरीव आहे की साधा, हे पाहण्याआधी लिटरच्या मापाने पाणी ओतून मोजावा आणि साडेतीन लिटर मावते याची खात्री करावी. तोंड रुंद असावे, नाहीतर भरताना भुकटी बाहेर सांडते आणि त्या वेळी घरच्यांच्या मनाला ते फार लागते. विसर्जनानंतर तो कलश पुन्हा घरात वापरला जात नसेल, तर तांब्याचा हट्ट धरू नये; कुंभाराकडचे मोठे मडके आणि त्यावर बांधायला नवे कापड घेतले तरी काही उणे पडत नाही.

या भुकटीत नाण्याएवढी एक धातूची चकती सापडेल. तिच्यावर दहनगृहाने दिलेला क्रमांक असतो आणि अस्थींची अदलाबदल होऊ नये म्हणून ती देहाबरोबर भट्टीतून गेलेली असते. ती पाहून घाबरू नये. कागदपत्रांवरील क्रमांकाशी ताडून बाजूला काढून ठेवावी, आणि प्लास्टिकची पिशवी नदीत सोडू नये. घरच्या वडीलधाऱ्यांना आणि गुरुजींनाही आधी सांगून ठेवावे, की या अस्थी आपल्या डोळ्यांना सवयीच्या आहेत तशा दिसणार नाहीत.

अस्थी पुतण्याने स्वतः सोबतच्या सामानातून आणाव्यात. फेडएक्स किंवा यूपीएससारख्या कुरिअर कंपन्या अस्थी स्वीकारत नाहीत. अमेरिकेचे टपाल खाते ठरावीक सेवेतून त्या पाठवते, परंतु हाताने आणणे शक्य असताना टपालाच्या वाटेला जाऊ नये. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि खोक्यात अस्थींखेरीज काही नाही असे फ्युनरल होमचे पत्र, हे कागद खोक्यासोबतच ठेवावेत. भारतीय वाणिज्य दूतावासाकडून अस्थी नेण्यासाठी ना-हरकत पत्र घ्यावे लागते, त्यासाठी दादांचे पारपत्रही लागेल. ते भारतीय आहे की अमेरिकी, त्यावर पुढची कागदपत्रे ठरतात. पुतण्याचे स्वतःचे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) किंवा व्हिसा चालू आहे ना, हे आत्ताच पाहावे. विमान कंपनीचा नियम तिकीट काढण्यापूर्वी विचारावा आणि शक्यतो थेट मुंबईचे विमान घ्यावे, म्हणजे मधल्या देशाचे नियम आड येत नाहीत.

घाईचे मात्र कारण नाही. अस्थी टिकतात. क्रियाकर्म तिकडे वेळेवर करून विसर्जन सवडीने करणारी अनेक कुटुंबे आहेत. आपल्या गुरुजींना विचारून तिथी ठरवावी. हरिपूरला कृष्णा आणि वारणा यांचा संगम जुलै-ऑगस्टमध्ये कसा होतो हे आपल्याला मी सांगायला नको. त्या दिवसांत दूरवरून आलेल्या माणसांना पाण्याच्या काठी नेण्यापेक्षा पाणी उतरेपर्यंत थांबावे, आणि तोवर अस्थी तिकडच्याच घरी राहू द्याव्यात.

आत्ताच पैसे भरण्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. व्यवस्था ठरवून ठेवणे आणि रक्कम भरून ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आगाऊ भरलेल्या रकमेचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, आणि भरण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे लेखी मिळायला हवीत: पैसे कोठे ठेवले जातील, पुढे दर वाढल्यास फरक कोण देईल, फ्युनरल होम बंद पडले किंवा विकले गेले तर काय, आणि बेत बदलला तर किती रक्कम परत मिळेल. दादा उद्या मुलीकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेले किंवा सांगलीला येऊन राहिले, तर हे चौथे उत्तर सर्वांत महत्त्वाचे ठरेल. त्यापेक्षा दादांनी बँकेत वेगळे खाते उघडून त्यांच्यामागे ती रक्कम थेट मुलाला मिळेल अशी नोंद करून ठेवावी. अशा खात्याची सोय तिकडे सर्रास असते आणि पैसा शेवटपर्यंत दादांच्याच हातात राहतो. पेटी तर आगाऊ घेऊच नये. ती ठेवायची कोठे, हाच पहिला प्रश्न येईल.

शेवटी, आपण सांगलीतून किती बोलावे याविषयी. अशा निर्णयांचा कायदेशीर अधिकार सामान्यतः आधी पत्नीचा आणि मग मुलांचा असतो. दहनाच्या संमतीपत्रावर सही वहिनींना करावी लागेल. त्यामुळे हे उत्तर पुतण्याला पाठवण्यापूर्वी त्यांच्याशी बोलावे आणि साधे वेष्टन त्यांच्या मनाला पटत नसेल, तर भाड्याच्या पेटीचा पर्याय त्यांच्यापुढे ठेवावा. त्यापलीकडे आग्रह धरू नये. नियम मोडला गेलाच तर फेडरल ट्रेड कमिशनकडे किंवा राज्याच्या मंडळाकडे तक्रार करता येते, पण ते नंतर सवडीने. दादांनी आपली इच्छा एका कागदावर स्वतःच्या सहीने लिहून ठेवली तर निम्मे काम सोपे होईल. दहन, साधे वेष्टन, एम्बामिंग नको, पेसमेकर काढण्यास संमती आणि विसर्जन हरिपूरला, एवढे त्यात असले तरी पुरे. अस्थींचा थोडा भाग तिकडेच राहावा असे वहिनींच्या मनात असेल, तर फ्युनरल होमला आधी सांगून अस्थी दोन वेगळ्या पिशव्यांत भरून घेता येतात. तेही दादांनाच विचारून त्या कागदावर लिहून घ्यावे.